पोच

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. परभणीच्या बसस्थानकावर मी गंगाखेडच्या गाडीची वाट बघत उभी होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. फलाटावर नुकतंच पाणी मारलेलं, त्यावर डिझेलचा रंगीत तवंग, आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास. पाठीला कॉलेजची बॅग लावलेली सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ आली आणि म्हणाली, "तुमी बाटल्यावाल्या म्याडम ना?" मला काही उमजेना. तिनं गावाचं नाव घेतलं तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. "मी ल्हान होते तवा. तुमी आमच्या हापशावर आल्ता, बरफाचा डबा घेऊन." ती हसली, आणि हसता हसताच पुढचं बोलून गेली, "आजीनं तुमची एक बाटली ठेवलीय अजून. मधून मधून इचारते, त्या म्याडमच्या पाण्याचं काय निघालं म्हणून." तेवढ्यात तिची गाडी लागली. खिडकीत जागा धरायला ती पळाली, आणि मी हातातला चहा हातातच धरून उभी राहिले.

पाण्याचं काय निघालं ते मला नऊ वर्षं ठाऊक होतं.

२०१६चा मे महिना. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती. त्याआधी लातुरात टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. आमच्याकडे रेल्वे नव्हती, टँकर होते. ते आले की घागरी, कळशा, तेलाचे रिकामे डबे, लग्नात मिळालेली पिंपं यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या वर्षी मला एक छोटा संशोधन प्रकल्प मिळाला होता, विषय दुष्काळी गावांतल्या भूजलाची प्रत. भाड्याची जीप, थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, आणि आम्ल पाण्यानं धुऊन आणलेल्या एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या. बरोबर एम. एस्सी.चे दोन विद्यार्थी. गाव गाठायचं, हापसा शोधायचा, चार-पाच मिनिटं हापसून पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग बाटली भरायची, पट्टीवर क्रमांक टाकायचा. त्या उन्हात बाया आमच्याकडे बघत राहायच्या. ज्या पाण्यासाठी त्या पहाटे चारपासून नंबर लावून बसल्या होत्या, ते पाणी आम्ही आधी चांगलं घागरभर मातीत ओतायचो. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तरी आज ते दृश्य आठवलं की घसा कोरडा पडतो.

त्या गावची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दलित वस्ती कुठं असते ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गावचा उतार जिकडे, गावची गटारं जिकडे, तिकडे ती असते. हापशाच्या ओट्याला लागूनच वरच्या गल्लीतून आलेली उघडी नाली जात होती. आजी ओट्यावर बसली होती. साठीची असेल, पण मराठवाड्यात उन्हात राबलेल्या बाईचं वय सांगणं अवघड. मी बाटली भरताना तिनं विचारलं, "काय बघायलात त्याच्यात?" मी म्हणाले, पाण्यात काय काय विरघळलंय ते बघतो. त्यावर ती म्हणाली ते मी तेव्हा ऐकलं न ऐकलं केलं. "इथलं पाणी पांढरीखालून येतंय. आमचा म्हातारा पांढरीची माती बैलगाडीनं पाटलाच्या वावरात न्यायचा. ती माती टाकली की जवारी अशी काळीभोर उठायची. आता त्योच कस खाली पाण्यात उतरला आसंल."

नियमाप्रमाणे त्या हापशाच्या दोन बाटल्या भरल्या होत्या, एक तपासायला आणि एक पडताळ्यासाठी. डब्यात एकच मावली. बर्फ वितळून निम्म्यावर आलेला, अजून सहा गावं बाकी. मी दुसरी बाटली आजीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही राहू द्या तुमच्याकडे. दोन दिवसांत येऊन नेते, आणि काय निघालं तेही सांगते." पट्टीवर निळ्या पेनानं लिहिलं होतं, १४.

नायट्रेट तपासायची आमच्या प्रयोगशाळेतली जुनी पद्धत मला अजून आवडते. पाणी चिनी मातीच्या बशीत आटवायचं. तळाशी उरलेल्या क्षारावर फिनॉल डायसल्फोनिक आम्ल घालायचं आणि वरून अमोनिया. नायट्रेट असेल तर पिवळा रंग चढतो. जितकं नायट्रेट जास्त तितका पिवळा गडद. बाकीच्या बाटल्यांना लिंबाच्या सालीएवढी छटा आली. चौदा नंबरला हळद कालवल्यासारखा रंग आला. यंत्रावर मोजलं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि इथला आकडा तिच्या दुपटीच्या पुढे होता. माझ्याबरोबरचा विद्यार्थी आनंदानं म्हणाला, "मॅडम, हा मस्त सँपल निघाला!" मीही हसले होते. संशोधन करणाऱ्याला आकडा उठून दिसला की आनंद होतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो आकडा कुणाच्या तरी घशाखाली उतरतो आहे, हे त्या क्षणी आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही.

निबंध छापून आला. त्यात गावाचं नाव नव्हतं, एस-१४ असं होतं. चर्चेच्या परिच्छेदात मी लिहिलं की नायट्रेट वाढण्याचं संभाव्य कारण रासायनिक खतांचा अतिवापर. का लिहिलं? कारण सगळे तसंच लिहितात. वस्तीच्या आसपास कोरडवाहू तुरीची चार शेतं होती, ज्यांना त्या दोन वर्षांत खताचं पोतं दिसलं नव्हतं. पण माझ्या आधीच्या संदर्भांत खतं होती, म्हणून माझ्याही निबंधात खतं आली. पदोन्नतीसाठी लागणाऱ्या गुणांच्या तक्त्यात तो निबंध बसला. दोन दिवसांत येते म्हणाले होते ते राहून गेलं. आधी परीक्षेचं काम आलं, मग पाऊस आला आणि जीपला पैसे उरले नाहीत. पुढे इतके दिवस लोटले की आता जायचं म्हणजे काय तोंडानं, असं झालं.

आता या सगळ्यात खरं काय डाचतं ते सांगते. पाणी उकळून प्या, असं आपण गावोगाव सांगत आलो. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागं राहतं, म्हणजे उकळलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. ते माझ्या चिनी मातीच्या बशीनंच मला दाखवलं होतं. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या लेकराला याचा धोका सगळ्यांत जास्त. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. ही माहिती माझ्या निबंधाच्या पहिल्याच पानावर आहे, संदर्भासकट. वस्तीला मात्र ती नव्हती. वस्ती नऊ वर्षं मन लावून पाणी उकळत राहिली.

चळवळीतल्या एका माणसाला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांच्याकडे खाकी कापडाची एक पिशवी असते. तिच्यात त्यांनी तहसीलला, जिल्हा परिषदेला, प्रदूषण मंडळाला दिलेल्या प्रत्येक निवेदनाची प्रत असते आणि प्रत्येक प्रतीवर पोच असते: गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, बारनिशी कारकुनाची तिरकी सही. भाऊ निवेदन द्यायला जातात तेव्हा साहेब काय बोलले याकडे त्यांचं अर्धंच लक्ष असतं. उरलेलं अर्धं शिक्क्यावर. एकदा मी त्यांना विचारलं, एवढं काय त्या शिक्क्यात? ते म्हणाले, "म्याडम, काम होवो न होवो. पण आमचं आलं नव्हतं, असं त्यांना म्हणता येत नाही."

हे शहाणपण गायरानाच्या लढ्यातून आलेलं आहे. मराठवाड्यात हजारो भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरान जमिनी कसल्या. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत ही एक सलग रेघ आहे. कसणाऱ्याला अतिक्रमण केलं म्हणून दंड व्हायचा, आणि दंडाची पावती मिळायची. तीच पावती पुढं पुरावा ठरायची, की अमुक साली ही जमीन हा माणूस कसत होता. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. त्यामुळे वस्त्यांमधून लोक कागद जपतात. पत्र्याच्या पेटीत, बिस्किटाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून. पाऊस गळला तर आधी कागद हलवतात, मग धान्य. पुरावा म्हणजे काय ते मी विद्यापीठात शिकले. पुरावा जपतात कसा, ते मला या पेट्या बघून कळलं.

आणि आम्ही प्राध्यापक या वस्त्यांमधून बाटल्या भरून आणतो, प्रश्नावल्या भरून आणतो, रक्ताचे थेंब आणतो, फोटो आणतो. कधी पोच देत नाही. मराठीत ज्याला साधी रीतभात कळत नाही त्यालाही आपण त्याला पोच नाही असंच म्हणतो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले मला माहीत नाही, पण माझ्या बाबतीत ते दोन्ही एकाच जागी येऊन बसले.

भाऊंचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. एका साखर कारखान्याची मळी ओढ्यात सुटली होती. पाणी काकवीसारखं काळपट तपकिरी, वर फेस, आणि आंबल्यासारखा असा वास की रस्त्यावरूनच पोटात ढवळावं. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले. भाऊ कॅनमध्ये पाणी भरून थेट माझ्या प्रयोगशाळेत आले. मंगळवारी प्रांतांपुढं बैठक होती. त्यांना एका पानावर एवढंच लिहून हवं होतं, की हे पाणी विषारी आहे आणि ते अमुक कारखान्याचं आहे. मी म्हणाले, पाण्यातला प्राणवायू आणि सेंद्रिय भार मोजून देईन. पण हे त्याच कारखान्याचं, असं एका कॅनवरून म्हणता येणार नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाचा नमुना कुठं आहे? कॅनमध्ये आधी काय होतं? भाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मेलेले मासे तुम्हाला पुरत नाहीत." त्यांनी कॅन तिथंच ठेवला आणि निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, आम्ही दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो. मी जे नाही म्हणाले ते बरोबर होतं, पण नाही म्हणून थांबले ते चूक होतं. चला, उद्या सकाळी आपण दोघं ओढ्यावर जाऊ, वरचा आणि खालचा नमुना घेऊ, मी तुम्हाला बाटली कशी भरायची ते दाखवते, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं. त्याला ना निधी लागत होता, ना मंजुरी.

नंतर मी १९७४चा जल प्रदूषणाचा कायदा नीट वाचला. त्यातलं एकविसावं कलम नमुन्याबद्दल आहे. खटल्यात पुरावा म्हणून नमुना टिकायचा तर तो मंडळाच्या माणसानंच घ्यायचा. कारखान्याच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद, दोन्हीवर दोघांच्या सह्या. ताबेदारानं मागणी केली तर दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. वाचताना वाटलं, किती विचारपूर्वक केलं आहे. ज्यानं पाणी सोडलं त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दोन बाटल्या. पण जी बाई ते पाणी भरते तिला नोटीस नाही, तिच्यासमोर काही फोडायचं नाही, तिची सही नाही. त्या कलमात ती कुठं उभीच नाही. म्हणजे माझा अहवाल खटल्यात चालणार नाही हे मी भाऊंना सांगितलं ते बरोबर. पण त्याच अहवालाच्या जोरावर मंडळाला नमुना घ्यायला भाग पाडता येतं, हे सांगायला मी विसरले. विसरले म्हणण्यात अर्थ नाही, मला ते माहीतच नव्हतं. भाऊंना माहीत होतं. कायद्याची वाट त्यांना ठाऊक आणि बाटली भरायची रीत मला, आणि आम्ही दोघं एका कॅनवरून भांडत बसलो.

या विषयाला पर्यावरणीय न्याय म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. वर्गात मी पर्यावरण शिकवायचे ते ओझोन आणि आम्लवर्षावाचं. कचरा कुणाच्या दारात पडतो हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. रॉबर्ट बुलार्ड नावाचे समाजशास्त्रज्ञ १९७९ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात विद्यार्थ्यांना घेऊन हिंडले, शहराचा कचरा कुठं पडतो ते शोधत. हे काम त्यांना त्यांच्या पत्नीनं सांगितलं होतं. त्या वकील होत्या आणि एका वस्तीच्या बाजूनं कचराडेपोविरुद्ध लढत होत्या. शहरात कृष्णवर्णीय लोक साधारण पंचवीस टक्के, आणि महापालिकेचे पाचच्या पाच डेपो त्यांच्याच वस्त्यांत. खटला ते हरले. काम मात्र उरलं. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रश्न विद्यापीठातून निघाला नव्हता. तो वस्तीतून निघून वकिलाच्या टेबलावर आला आणि तिथून प्राध्यापकाच्या घरात.

हे वाचताना मला नारेगाव दिसत होतं. औरंगाबादचा सगळा कचरा वर्षानुवर्षं तिथं पडला. जालना रस्त्यानं एसटीत बसून जाताना चिकलठाण्याच्या आसपास खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. कुणी काही बोलायचं नाही, सगळ्यांना सवय होती. त्या वासात माणसं राहत होती, स्वयंपाक करत होती. विहिरींचं पाणी बिघडलं म्हणून सांगत होती. मी एका चर्चासत्रात त्या भागातल्या विहिरींवरचं सादरीकरण ऐकलं आहे, सुंदर आलेख होते. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि शहरात कोंडी झाली तेव्हा कुठं सगळ्यांना नारेगाव नकाशावर कुठं आहे ते कळलं. मग कचरा मिटमिट्याला न्यायचा प्रयत्न झाला, तिथं दगडफेक झाली, पोलीस घरांत घुसले. त्या दिवसांत मला सारखं वाटत होतं, त्या चर्चासत्रातला एक जरी आलेख मराठीत, मोठ्या अक्षरात, नारेगावच्या पारावर लागला असता तर? आंदोलन दहा वर्षं आधी झालं असतं की नाही माहीत नाही. पण त्यांच्या हातात दगडाऐवजी कागद असता.

उलट बाजूही आहे. वाल्मीत, म्हणजे पाणी आणि जमिनीचं व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, सिंचन शिकवलेले प्रदीप पुरंदरे निवृत्तीनंतर थेट उच्च न्यायालयात गेले. २००५च्या जलनियमन कायद्यानं सांगितलेला एकात्मिक राज्य जल आराखडा वर्षानुवर्षं झालाच नाही आणि तरीही नवे प्रकल्प मंजूर होत राहिले, हे त्यांनी जनहित याचिकेत मांडलं. कालव्याच्या दारावर आयुष्य घालवलेल्या शिक्षकालाच कळावं असं ते होतं, पाणी नेमकं कुठं मुरतंय ते. जायकवाडीत वरून किती पाणी सोडायचं याच्या भांडणात आज साधा शेतकरीसुद्धा ६५ टक्क्यांचा हिशोब बोलून दाखवतो, की धरण तेवढं भरलं नाही तर वरून पाणी सोडायचं. नियमांच्या जाडजूड कागदातला आकडा कुणीतरी सोपा करून त्याच्यापर्यंत पोचवला, म्हणूनच. अशी माणसं थोडी आहेत. आमच्यातले बहुतेक जण चळवळ म्हटलं की अंग चोरतात. नोकरीची भीती असते, संस्थाचालकांची असते, आणि आपण तटस्थ आहोत या समजुतीची ऊब असते. चळवळीतल्या लोकांनाही आमच्याबद्दल फार प्रेम नाही, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. आमचं कागदाशी लग्न झालंय असं ते म्हणतात. त्यांचाही उतावीळपणा मी पाहिलाय, आकडा हवा तसा वाकवायचा मोहही पाहिलाय. एकदा आकडा वाकवला की पुढच्या दहा खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी भाऊंना अजूनही भांडून सांगते. आता ते ऐकून घेतात, कारण आता मी त्यांच्याबरोबर ओढ्यावर जाते.

पण पांढरीचं राहिलं.

त्या मुलीची गाडी गेल्यावर मी घरी येऊन जुना निबंध काढला आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. पांढरीची माती. शेकडो वर्षं जिथं माणसं राहिली, गुरं बांधली, राख टाकली, भिंती पडल्या आणि परत उठल्या, ती गावाखालची पांढुरकी माती. पूर्वी शेतकरी ती खत म्हणून न्यायचे ते उगाच नाही. शेण-मूत कुजून तिच्यात नायट्रेट मुरलेलं असतं. अशाच जुन्या वस्त्यांच्या मातीतून एके काळी सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, काढत. वर पांढर, तिच्यातून झिरपणारी उघडी नाली, खाली भेगाळलेला काळा पाषाण, आणि उताराच्या टोकाला वस्तीचा हापसा. आजीनं ओट्यावर बसून तीन वाक्यांत जे सांगितलं होतं ते माझ्या खतांच्या परिच्छेदापेक्षा कितीतरी नेमकं होतं. मी एक चांगला संशोधनप्रश्न फुकट ऐकून आले होते आणि तो बरफाच्या पाण्याबरोबर ओतून दिला होता. अमेरिकेत लव्ह कॅनॉल नावाच्या वसाहतीत १९७८ साली असंच झालं होतं. विषारी रसायनं पुरलेल्या जागेला लागून घरं बांधलेली. लोइस गिब्ज या गृहिणीनं घरोघर फिरून आजारांची नोंद केली, आणि जुन्या बुजलेल्या ओहोळांच्या वाटेवरच्या घरांत आजार जास्त दिसले. ओहोळ कुठून वाहत होते ते जुन्या रहिवाशांना आठवत होतं. सरकारी तज्ज्ञांनी बायकांची माहिती म्हणून ती बाजूला सारली. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी मात्र त्यांच्याबरोबर बसून ती तपासली. त्याची किंमत त्यांना नोकरीच्या ठिकाणी मोजावी लागली. आमच्या आजीच्या वाट्याला पेगन आली नाही. मी आले होते.

पौषात एका रविवारी मी त्या गावी गेले. भाऊंना बरोबर घेतलं, कारण एकटीनं जायचा धीर नव्हता. वस्तीत आता नळ आलेत, पण पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तेही तासभर. वरच्या गल्लीत पैसे टाकून फिल्टरचं पाणी देणारं यंत्र आहे. वस्तीतले लोक पाहुणा आला की तिथून जार आणतात. रोजचा हापसा तोच, आणि नालीही तीच. आजी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण आवाजावरून ओळखलं. "आल्या का. बसा." दोन दिवसांत येते म्हणून गेलेली बाई दोन दिवसांनीच आली असावी, तसं.

नातीनं पत्र्याची पेटी ओढून आणली. वर साड्या, खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या गायरानाच्या दंडाच्या पावत्या, शाळेचे दाखले, म्हाताऱ्याचा एक फोटो. आणि कडेला उभी केलेली बाटली. पट्टीवरचा आकडा फिकट जांभळा झालेला, तरी वाचता येत होता. पाणी थोडं उतरलेलं, आतून पांढरी कड धरलेली. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो. नऊ वर्षं पेटीत उन्हाळे काढलेल्या त्या पाण्याला प्रयोगशाळेत काही किंमत नाही. मी ते बोलले नाही. तिनं विचारलं, "मग? काय निघालं?"

मी सांगितलं. सोपं करून सांगायचं ठरवून गेले होते, तरी दोनदा अडखळले. खत म्हणा, क्षार म्हणा, पण लहान लेकरांना ते चांगलं नाही. आणि उकळून ते जात नाही. आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. बराच वेळ कुणी बोललं नाही. पलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मग ती चुलीकडे बघत म्हणाली, "सून बाळंतीण व्हती तवा घरात सरपण नव्हतं. वावरातल्या पऱ्हाट्या आणून उकळायचे मी. लेकराला उकळल्यालंच द्यायचं म्हणून." थोडं थांबून, "त्याला काही झालं नसंल ना त्यानं? अंगानं बारीकच राह्यलाय." मी खरं तेच सांगितलं, की ते मला सांगता येत नाही. आता कुणालाच सांगता येणार नाही. लेकरू लहान होतं तेव्हा कुणीतरी बघायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे कोण ते तिनं विचारलं नाही. भाऊ जमिनीकडे बघत होते.

मग मी पांढरीचं बोलले. तुम्ही तेव्हा सांगितलं ते बरोबर असावं, मी ऐकलं नाही, माझंच चुकलं. आता आपण ते नीट तपासू. हापशाचं पाणी, नालीचं पाणी, वरच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी, आणि पांढरीची मूठभर माती. नात बारावीला आहे, विज्ञान शाखेत. पट्ट्यांवर तिनंच आकडे लिहिले. वरच्या गल्लीत बाटल्या घेऊन गेलो तेव्हा एक-दोन दारं अर्धी लागली. पण एका म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी स्वतः विहिरीत पोहरा सोडून दिला आणि जाताना म्हणाल्या, "आमचंबी सांगा काय निघंल ते." प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरल्या. दुसरी ज्याची त्याच्या घरी.

निघताना मी डब्याला दोरी बांधत होते तर आजीनं भाऊंना हाक मारली. "भाऊ, म्याडमकून पोच घ्या की." भाऊ गडबडले. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. नातीनं वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं: आज रोजी हापशाच्या पाण्याचा एक नमुना आणि पांढरीच्या मातीचा एक नमुना तपासणीसाठी नेत आहे. खाली सही, फोन नंबर, तारीख. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीनं डोकं हलवलं.

"त्याच्यावर परत यायची तारीख कुठंय?"

मी बुधवार लिहिला. तिला वाटलं बुधवारी नको, बुधवारी बाजार असतो, ती घरी नसते. मी बुधवार खोडला आणि गुरुवार लिहिला, खाडाखोडीवर परत सही केली. तिनं कागदाची चौघडी घातली, दंडाच्या पावत्यांच्या पिशवीत सारली, रबर दोनदा गुंडाळलं. जुनी बाटली मी मागितली नाही. तिनं ती उचलून पेटीत होती तिथंच उभी केली आणि झाकण लावलं.